दलालांची आतल्या पानांवरची चित्रे

खासबागेत एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरून पितळेची भांडी आधी उतरतात आणि मासिकांचे गठ्ठे शेवटी. भांडी घरात राहतात, गठ्ठे रद्दीत जातात. त्या गठ्ठ्यांत चित्रकार दीनानाथ दलाल यांचे मोलाचे काम असू शकते.

दलालांचे नाव आपल्याला परिचित आहे ते मुखपृष्ठांमुळे. १९१६ साली गोव्यात जन्मलेल्या दलालांनी मुंबईत नाव कमावले, १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला आणि १९७१ साली त्यांचे निधन झाले. शेजारच्या आजऱ्याचे शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, तिचे मुखपृष्ठही दलालांचेच. मात्र अंकाच्या आत, कथेच्या मथळ्याशेजारी किंवा मजकुराच्या कडेला त्यांनी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

ही चित्रे काळी-पांढरी का, याचे उत्तर त्या वेळच्या छपाईत आहे. मागावर प्रत्येक रंगाचे सूत वेगळे भरावे लागते, तसा छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा करावा लागे. तो खर्च मुखपृष्ठापुरता परवडे. आतल्या चित्रासाठी जस्ताच्या पत्र्यावर रेघा तेवढ्या उठावदार ठेवून बाकीचा भाग आम्लाने खोल करत. हा ठसा खिळ्यांच्या मजकुराबरोबरच छापता येई. छायाचित्रासारख्या फिकट-गडद छटांसाठी बारीक ठिपक्यांचा ठसा लागे, आणि आतल्या खरखरीत कागदावर ते ठिपके फिसकटत. म्हणून चित्रकाराच्या हाती उरे फक्त रेघ, काळा भराव आणि कोरा कागद.

दलालांचे सामर्थ्य इथे दिसते. कुंचल्याची रेघ कुठे जाड, कुठे बारीक करत ते पदराची घडी, मानेचा कल, दिव्याचा उजेड दाखवतात. रंगीत चित्रात लपून जाईल अशी चूक इथे लगेच उघडी पडली असती.

१९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले, तो याच मासिकांच्या बहराचा काळ. तेव्हा जपून ठेवलेले अंक आज ठिसूळ झाले आहेत. शिवाय ग्रंथालयाच्या नोंदवहीत लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते. आतल्या चित्रकाराचे सहसा नसते. त्यामुळे अंक गेला की चित्र होते याचा पुरावाही जातो.

यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. रद्दी देण्यापूर्वी पाने चाळावीत. चित्राच्या कोपऱ्यात ‘दलाल’ अशी सही दिसली, तर पान फाडू नये आणि फाटलेले असल्यास चिकटपट्टीही लावू नये. ती कालांतराने डाग पाडते. पूर्ण पानाचा आणि अंकाच्या पहिल्या पानाचा फोटो घ्यावा. मासिकाचे नाव, महिना, वर्ष, पान क्रमांक, कथा आणि लेखक एवढे लिहून मंडळाकडे द्यावे. सही दुसऱ्या कोणाची असली तरी नोंद करावी. दलालांच्या काळात मराठी मासिकांसाठी अनेक हात राबत होते, आणि त्यांतल्या कित्येकांची ओळख त्या कोपऱ्यातल्या सहीपुरतीच उरली आहे.