हाताच्या आधी पोचणारी नजर

कोणी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला, की तो पोचण्याआधीच आपली नजर पेल्यावर जाऊन थांबते. पुढे काय घडणार, हे मेंदूने ताडलेले असते. माणसाला हे कधीपासून जमते?

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील फाल्क-यटर, ग्रेडेबॅक आणि फॉन हॉफ्स्टेन यांनी २००६ मध्ये हे तपासले. पडद्यावर एक हात चेंडू उचलून बादलीत टाकत होता आणि पाहणाऱ्यांची नजर कुठे वळते, हे यंत्र टिपत होते. वर्षाच्या बाळांची नजर मोठ्यांसारखीच हाताच्या आधी बादलीवर पोचली. सहा महिन्यांच्या बाळांची हातामागून आली. मग तेच चेंडू आपोआप बादलीकडे सरकताना दाखवले, तेव्हा वर्षाची बाळेही मागे पडली. त्यांनी ओळखला होता तो माणसाचा हेतू; चेंडूची वाट नव्हे.

सहा महिने ते वर्ष या काळातच बाळ वस्तू उचलून डब्यात टाकायला शिकते. आपल्या हाताला जे जमते, तेच दुसऱ्याच्या हातात आधी ओळखू येते की काय? जपानमधील कानाकोगी आणि इताकुरा यांनी २०११ मध्ये नुसती वस्तू पकडण्याची सोपी क्रिया दाखवली. ती सहा महिन्यांच्या बाळांनीही ताडली, चार महिन्यांच्या बाळांनी नाही. ज्या बाळांची स्वतःची पकड चांगली, त्यांचा अंदाजही सरस होता.

पण दोन्ही गोष्टी केवळ वयाबरोबर वाढत असतील तर? याचे उत्तर सॉमरव्हिल, वुडवर्ड आणि नीडम यांच्या २००५ च्या प्रयोगात सापडते. तीन महिन्यांच्या बाळांना त्यांनी व्हेल्क्रो लावलेले हातमोजे घातले. हात लागला की खेळणे चिकटून यायचे. एवढ्या खेळानंतर बाळांनी मोठ्या माणसाला दोनपैकी एकच खेळणे वारंवार घेताना पाहिले. त्याने दुसरे घेताच ती जास्त वेळ बघत राहिली. खेळण्याआधीच हे दृश्य पाहिलेल्या बाळांना मात्र त्यात वेगळे काही वाटले नाही.

तरी सगळे श्रेय हातांना देता येत नाही. चमच्याने स्वतः जेवता न येणारी सहा महिन्यांची बाळेही घास तोंडाकडे निघाला, की आधीच तोंडाकडे पाहतात, असे उप्सालाच्याच संशोधकांना २०१० मध्ये आढळले. हे दृश्य त्यांच्यासमोर रोज घडत असते. करून शिकणे किती आणि पाहून शिकणे किती, हा वाद म्हणूनच मिटलेला नाही. पण वस्तूंशी झटापट करणारे बाळ माणसेही वाचायला शिकत असते, याला या प्रयोगांनी पुरावा दिला आहे.