ताडपत्री सर्वांत शेवटी: ट्रेलरवरच्या मशीनबद्दलचे गैरसमज

अंधेरी एमआयडीसी, साकीनाका, मुलुंडचा एलबीएस मार्ग इथल्या कारखान्यांतून लेथ, प्रेस, जनरेटर उघड्या ट्रेलरवर चढतात आणि चाकणला, वापीला किंवा न्हावाशेव्याकडे निघतात. मशीन लाखोंचे, कधी कोटींचे. तरी त्याच्या संरक्षणाचा विचार बहुधा क्रेन दारात उभी राहिल्यावर होतो, आणि तोही फक्त ताडपत्रीचा. खरे तर मशीन आधी घसरण्यापासून, मग धक्क्यापासून आणि त्यानंतर पाण्यापासून वाचवायचे असते.

गैरसमज: एवढे जड मशीन हलणार कुठे?

वस्तुस्थिती: वजन जितके जास्त, तितकाच ब्रेक लागल्यावर पुढे सरकण्याचा जोरही जास्त. हा जोर वजनाच्या ०.८ पट धरून बांधणी करावी, असे आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते. म्हणजे ६ टनांच्या लेथला ४.८ टनांचा. खाली कोरड्या लाकडी फळ्या असतील, तर घर्षणाने त्यातला सुमारे १.८ टन अडतो आणि ३ टन साखळ्यांना पेलावे लागतात. फळ्यांऐवजी चांगली रबर मॅट घातली, तर साखळ्यांवर साधारण १.२ टनच येतो. तेलकट, ओल्या पत्र्यावर लोखंडी पाय थेट टेकवले, तर मात्र घर्षणाचा आधार नावापुरताच उरतो.

गैरसमज: बेल्ट कचकचून आवळला की काम झाले.

वस्तुस्थिती: कोन चुकला तर आवळणे वाया जाते. वरून टाकलेला बेल्ट ट्रेलरच्या पत्र्याशी ३० अंशांवर असेल, तर त्याच्या ताणाचा निम्माच जोर मशीनला खाली दाबतो. म्हणून बसक्या, रुंद मशीनला चारही कोपऱ्यांतून साखळ्या लावून थेट बांधावे. धारदार कडेवर बेल्ट कापला जातो. तिथे कॉर्नर गार्ड हवाच. साखळी मशीनच्या बेडला किंवा उत्पादकाने ठरवून दिलेल्या जागीच अडकवावी. स्पिंडल, गाइडवे, हायड्रॉलिक पाइप यांना कधीही नाही. पहिल्या काही किलोमीटरनंतर बांधणी सैल पडते. त्यामुळे मुलुंड किंवा दहिसर नाका ओलांडला की सुरक्षित जागी थांबून पुन्हा आवळावे.

गैरसमज: ताडपत्री जितकी घट्ट, तितके मशीन कोरडे.

वस्तुस्थिती: उपनगरांतली हवा दमट आणि खारी. ती आवरणाखाली कोंडली आणि रात्री घाटात गारठा लागला, की आतल्या आतच पाणी सुटते. उघड्या गाइडवेवर गंज चढायला एवढे पुरे. आधी मशीन पुसून गंजरोधक तेल लावावे, मग व्हीसीआय ही गंज रोखणारी फिल्म गुंडाळून आत सिलिका जेल ठेवावे आणि त्यावर ताडपत्री घालावी. ती फडफडून रंग खरवडणार नाही इतकी ताणलेली असावी, पण खालून हवा खेळती राहू द्यावी.

प्रत्येक मालाला हा थाट लागत नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचे गर्डर अंबाल्यात तयार झाले आणि सुट्या भागांत ट्रेलरवरून आले. अशा रंगवलेल्या पोलादाला पावसाचे भय कमी, घसरण्याचे जास्त. सीएनसी मशीनला दोन्हींचे भय.

गैरसमज: लाल कापड बांधले की बाहेर आलेला भाग चालतो.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार माल गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेपलीकडे गेला, तर २०,००० रुपये दंड होतो आणि तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. मोठ्या आकाराच्या मालासाठी आधी परवानगी काढावी लागते. लाल कापड ही परवानगी नव्हे.

गैरसमज: काही झालेच तर ट्रान्सपोर्टवाला भरून देईल.

वस्तुस्थिती: मालाची जादा किंमत व जोखीम लेखी जाहीर केली नसेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली केलेल्या २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. ट्रान्झिट विमा असला, तरी अपुऱ्या किंवा चुकीच्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान त्यात बसत नाही. म्हणून बांधणी झाल्यावर आणि ताडपत्री घालण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

क्रेन सांगण्याआधी मशीनचे वजन, उचलण्याच्या आणि बांधण्याच्या जागा, उघडे राहणारे भाग आणि मालाची किंमत एका कागदावर लिहून ट्रान्सपोर्टरला द्या. गाडीवर किती साखळ्या, कसल्या मॅट आणि कोणते आवरण न्यायचे, ते त्याला या कागदावरूनच ठरवता येते.