रोटरी इंजिनाचे मायलेज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माझदाची आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार ब्रिटनमध्ये २००३ ते २०१० या काळात नवी विकली गेली. तिच्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की इंजिन १.३ लिटरचे, म्हणजे पेट्रोल छोट्या गाडीइतकेच लागणार. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन रोटर (पिस्टनच्या जागी फिरणारे तिकोनी भाग) धरून हा आकडा येतो. मात्र शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा शक्ती देतो; चार-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला त्यासाठी दोन फेरे लागतात. म्हणून खरी तुलना २.६ लिटरच्या इंजिनाशी करायला हवी. शिवाय रोटरीचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असल्याने बरीच उष्णता भिंतींत जाते, थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. गॅलनला साधारण २५ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ९ किलोमीटर, हीच या गाडीची मूळ कुवत आहे. रोड टॅक्समध्येही १.३ लिटरचा फायदा नाही, कारण ब्रिटनमध्ये मार्च २००१ ते मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरतो.

कायम कमी आरपीएमवर चालवली की बचत होते, हे अर्धेच खरे. एकसारखा वेग आणि वरचा गिअर यांनी पेट्रोल नक्की वाचते. पण इंजिनाला कधीच वर जाऊ दिले नाही तर आत कार्बन साठतो. तापलेले इंजिन अधूनमधून मोकळे पळवायलाच हवे. खरी उधळपट्टी थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत होते. गाडी जरा पुढे-मागे करून लगेच बंद केली, तर पेट्रोल आत साचून इंजिन ‘फ्लड’ होते आणि पुन्हा चालू होत नाही.

महागड्या सुपर पेट्रोलने मायलेज वाढत नाही. ९५ ऑक्टेन पुरेसे आहे. २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याने मैल किंचित घटतात, पण तेवढ्याने सुपरचा जादा भाव वसूल होत नाही.

इंजिन ऑइल संपते म्हणजे बिघाड, हाही गैरसमजच. रोटरच्या सील्सच्या वंगणासाठी पंप मुद्दाम ऑइल आत सोडतो. पातळी वरचेवर पाहून ऑइल घालणे मालकाचे काम. त्यात हयगय झाली की सील्स झिजतात, कॉम्प्रेशन पडते आणि पेट्रोल जास्त लागते.

मायलेज एकाएकी घसरले तर आधी इग्निशन कॉइल तपासाव्यात. चार स्पार्क प्लगांना चार कॉइल असतात. त्यांतली एक जरी कमजोर झाली, तरी न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचून त्याचीही वाट लावते. कॉइल आणि प्लग ठीक असतील, तर कॉम्प्रेशन मोजावे. साधा गेज इथे उपयोगाचा नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे, असे सहा आकडे दाखवणारा रोटरी टेस्टर लागतो. तापलेले इंजिन चालू व्हायला कुरकुरत असेल आणि हे आकडेही कमी आले, तर कुठलेही अॅडिटिव्ह ओतून मायलेज परत येत नाही. इंजिन उघडून नवे सील बसवावे लागतात.