पीठ मागेल तेवढं पाणी: दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिकत शिकत संशोधन कसं करायचं?

खाद्यसंस्कृतीवर पीएच.डी. करायची असं ठरवलेली बरीच मुलं-मुली एकच सिनॉप्सिस घेऊन येतात: अमुक तालुक्यातले पारंपरिक पदार्थ, पन्नास मुलाखती, शेवटी पाककृतींची यादी. यादी वाईट नसते, पण ती बहुतेक वेळा गावात न जाताही करता आली असती अशी निघते. कारण स्वयंपाक ही विचारून कळण्याची गोष्ट फार कमी आणि करून कळण्याची गोष्ट फार जास्त आहे. म्हणून आज एका पद्धतीबद्दल लिहितोय: एखाद्या घरात राहून, त्या घरच्या बाईकडून रोजचा स्वयंपाक शिकणं आणि त्या शिकण्यालाच संशोधन बनवणं. माझं फील्ड जालना जिल्ह्यातलं जाफराबाद, त्यामुळे उदाहरणं तिथलीच.

आधी एक फरक लक्षात घ्या. इंडोनेशियातल्या बाली बेटावर पर्यटकांसाठी घरगुती स्वयंपाकाचे वर्ग चालतात. सकाळी बाजारात फेरी, मग आलं, हळद, लसूण, मिरची वगैरे वाटून त्यांचा ‘बासा गेडे’ हा मूळ मसाला, मग चार-पाच पदार्थ आणि जेवण. तिथं तुम्ही गिऱ्हाईक असता. शिकवणाऱ्याने मापं आधीच ठरवलेली असतात, तुमची फजिती होणार नाही याची काळजी घेतलेली असते. जाफराबादच्या घरात असा वर्ग नसतो. तिथं तुम्ही उमेदवार असता आणि काकूंना बाराच्या आत शेतावर डबा पाठवायचा असतो. संशोधनाला ही घाईच उपयोगी पडते. घाईत माणूस सांगायचं म्हणून सांगत नाही, करायचं तसंच करतो.

हाताला माहीत असलेलं

“भाकरीला पाणी किती?” असं विचारा. उत्तर येईल, “पीठ मागंल तेवढं.” मुलाखत घेणारा हे वाक्य लिहून पुढच्या प्रश्नावर जातो. शिकणाऱ्याला मात्र थांबावंच लागतं, कारण समोर काठवटीत पीठ आहे आणि पाणी आपल्यालाच घालायचंय.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पीठ चिकटून राहायला दुसरा आधार लागतो, आणि तो मिळतो गरम पाण्यातून. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ज्वारीतला स्टार्च पाणी ओढून फुगतो, चिकट होतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडा फाटतात, आणि पाणी आणखी कडक घ्यावं लागतं. म्हणजे ‘पीठ मागंल तेवढं’ हे टाळाटाळीचं उत्तर नाही. दळण कधीचं, ज्वारी कोणती, पाणी किती तापलंय, एवढ्या सगळ्यांचा हिशेब त्या तीन शब्दांत आहे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ च्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात अशाच ज्ञानाची मांडणी केली: जे आपल्याला येतं, पण सांगता येत नाही.

सांगता येत नाही ते नोंदवायचं कसं? इथे पद्धतीतला महत्त्वाचा मुद्दा येतो. तुमचा डेटा म्हणजे पाककृती नव्हे, तुम्हाला केलेल्या दुरुस्त्या हा तुमचा डेटा. तुमची भाकरी फाटणार, हे गृहीत धरा. त्या क्षणी काकू काय म्हणतात? “अजून मळ.” “तळहाताच्या टाचेनं रगड.” “वरचं पाणी सुकायच्या आत उलटव.” यातलं एकही वाक्य मुलाखतीत आलं नसतं, कारण त्यांना ते नियम म्हणून माहीतच नाहीत. ते फक्त मोडल्यावर दिसतात. जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी कशी चालते याचा अभ्यास केला. तिथंही शिकवण्याचा तास असा वेगळा नव्हता, काम करता करताच शिकणं होत होतं. पुढे एटिएन वेंगर यांच्यासोबतचं त्यांचं १९९१ चं ‘सिच्युएटेड लर्निंग’ हे पुस्तक याच विचारावर उभं आहे. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात याचा आधार घेता येईल.

वजनकाटा आणायचा, पण मधे आणायचा नाही

“चिमूटभर”, “मूठभर”, “अंदाजानं” ही मापं खरीच आहेत, पण प्रबंधात तुलना करायला आकडे लागतात. काकूंच्या हातातलं तिखट काट्यावर ठेवायला सांगाल तर त्यांचा हात बिचकेल आणि जे मोजाल ते खोटं असेल. त्यापेक्षा सोपं: परवानगी घेऊन तिखटाच्या डब्याचं वजन स्वयंपाकाआधी करा आणि नंतर करा. वजाबाकी म्हणजे त्या दिवसाचा अंदाज. असं दहा-बारा दिवस केलंत की अंदाज किती पक्का असतो, आणि पाहुणे आले, उपवास आला, शेतावर माणसं जास्त असली की तो कुठे सरकतो, ते दिसायला लागतं.

छापील पुस्तकांशीही तुलना करा. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं घरोघरी नेली. नव्या जागी एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलीला ती मापं हवीच होती, कारण शेजारी हात धरणारं कुणी नव्हतं. माप कधी लागतं आणि कधी लागत नाही, हाही संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो.

नोंदी त्याच रात्री लिहा. डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला लागलेला अर्थ. दोन्ही एका पानावर मिसळलं की सहा महिन्यांनी वेगळं करता येत नाही. आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या रामपुरावरच्या नोंदी १९७० साली स्टॅनफर्डमध्ये आगीत गेल्या, आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) त्यांना आठवणीतून लिहावं लागलं. सगळे श्रीनिवास नसतात, तेव्हा बॅकअप घ्या.

“माहेर कुठलं?”

आता सगळ्यात जपून बोलायची गोष्ट. एका घरात महिनाभर शिकलात की ‘जाफराबादचा पारंपरिक स्वयंपाक’ असं शीर्षक द्यायचा मोह होतो. देऊ नका.

जाफराबाद तालुका मराठवाड्यात, पण लगेच पलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. सोयरिकी दोन्हीकडच्या. सासूचं माहेर भोकरदनकडचं आणि सुनेचं चिखलीकडचं असेल, तर एकाच चुलीवर दोन हात चालतात. येसर कसा भाजायचा, त्यात कोणतं धान्य किती, यावर त्यांचं एकमत असेलच असं नाही. जिल्ह्याची हद्द सरकारी आहे, जालना जिल्हा झालाच १ मे १९८१ ला. हाताची चव मात्र लग्नाच्या वाटेने प्रवास करते. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे एक रकाना ठेवा: कुणाकडून शिकलात, आणि त्यांचं माहेर कुठलं. माझ्या मते हा एक रकाना पन्नास मुलाखतींपेक्षा जास्त सांगतो.

दुसरा रकाना ऋतूचा. कुरडया उन्हाळ्यातच होतात: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायच्या. त्या दिवशी शेजारच्या बायका येतात, तेव्हा कोण कुणाकडे जातं तेही दिसतं. हुरडा थंडीतला. फक्त दिवाळीच्या सुट्टीत फील्डवर्क करणाऱ्याला यातलं एकही दिसणार नाही.

तिसरा रकाना, कोण रांधतं. घरात बाई रांधते, पण गावजेवणाच्या कढईपाशी बहुधा पुरुष आचारी असतात. बालीतही तसंच: रोजचा स्वयंपाक बायकांचा, पण समारंभासाठीचं ‘लावार’ पुरुष मिळून करतात. फक्त घरात शिकलात तर अर्धीच परंपरा हाती येते.

आणि चौथा रकाना जातीचा. तो टाळून मराठवाड्यातल्या अन्नावर लिहिता येत नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) जरूर वाचा. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या अन्नाची ती नोंद आहे. मांस वाळवून केलेल्या चान्यांसारखे पदार्थ पाककृतींच्या नेहमीच्या पुस्तकांत का नव्हते, हा प्रश्न वाचणाऱ्यापुढे उभा राहतोच. ‘पारंपरिक’ हा शब्द वापरताना कुणाची परंपरा, हे त्याच वाक्यात लिहा. तुम्हाला थेट चुलीपर्यंत नेलं की ओसरीवरच चहा दिला, हेही नोंदवा. तुमचं आडनाव विचारल्यावर काय बदललं, तेसुद्धा.

घेतो, तर देतो काय?

संमती म्हणजे फॉर्मवरची सही एवढंच नव्हे. काय लिहिणार, कुठे छापणार, फोटो कुणाला दिसणार, हे मराठीत, सगळ्या घरासमोर नाही तर त्या बाईंना एकटीला सांगा. नवऱ्याने हो म्हटलं म्हणजे त्यांनी हो म्हटलं असं होत नाही. नाव बदलायचं की खरं ठेवायचं, तेही त्यांना विचारा. आपण सवयीने टोपणनाव देतो. पण आयुष्यभर रांधूनही जिचं नाव कुठे छापलं गेलं नाही, तिला ते प्रबंधात हवं असू शकतं.

आणि शिकायला बसलात तर भांडी घासायला उठा, दळण आणा, कांदे चिरा. तुमच्या शिकण्याने त्यांचा रोजचा अर्धा तास जात असेल, तर तो कामातून परत करा. पैसे दिलेत की काही घरांत अपमान वाटतो, न दिलेत की काही घरांत फुकट राबवलं असं वाटतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने विचारून घ्यावं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ‘पद्धत’ या मथळ्याखाली ‘मुलाखती व निरीक्षण’ असं लिहून थांबू नका. कुणाकडे, किती दिवस, कोणत्या ऋतूत, कोणत्या चुलीवर शिकणार, आणि कुणाच्या घरी जाऊ शकणार नाही, ते लिहा. गाईड यावर प्रश्न विचारतील. विचारू द्या, त्या प्रश्नांतूनच मेथडॉलॉजीचं प्रकरण तयार होईल.