‘तुरळक’ पाऊस आणि सोंगलेले सोयाबीन

ऑक्टोबर लागला की सकाळी दव, दुपारी चटका आणि रात्री गारवा असे दिवस येतात. पाऊस परतीच्या वाटेवर असतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा आठवड्याचा अंदाज पाहावा, तर ‘हवामान मुख्यतः कोरडे, तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ एवढीच ओळ असते. ती वाचून आपण निर्धास्त होतो आणि रिसोडपासून कारंजापर्यंत एकदमच सोंगणी सुरू होते.

काही वर्षांपूर्वी मीही असाच निर्धास्त होतो. मालेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला “करा सोंगणी, काही होत नाही” असे सांगून बसलो. चार एकर एका दिवसात आडवे झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आला आणि अर्धा तास कोसळला. शेजारच्या शिवारात धूळ उडत होती! पाहायला गेलो तर ते म्हणाले, “साहेब, तुम्ही तुरळक म्हणले होते ना? थे तुरळक आमच्याच वावरात पडलं.”

खरे तर चूक अंदाजाची नव्हती, वाचणाऱ्याची होती. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘हलका’ म्हणजे दिवसाला साधारण १५ मिलिमीटरपर्यंत. तेव्हा तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे, थोड्या जागी पाऊस. कोणत्या जागी, हे आठवडा आधी कोणी सांगू शकत नाही. जमिनीत ओल असते, दुपारी ऊन तापते, त्यातून ढग तिथल्या तिथे बांधला जातो.

एवढा पाऊस उभ्या पिकाला फारसा बाधत नाही. सोंगून पसरलेल्या सोयाबीनला मात्र बुरशी धरते, दाणा डागी होतो, ओलावा वाढतो. शासकीय खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या नोव्हेंबरात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण त्या भरवशावर माल ओला ठेवू नये.

म्हणून सोंगणी थांबवावी का? नाही. वाळलेली शेंग उन्हात तडकते, दाणा वावरातच सांडतो. आपल्याजवळची ताडपत्री एका संध्याकाळी जेवढे झाकेल, तेवढेच सोंगावे. गुत्त्याने आलेली टोळी दोन एकर सोंगून उरलेल्यासाठी परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान गंजीची उंचवट्यावरची जागा व ताडपत्री टोळी येण्याआधी तयार ठेवा. सोंगणी सकाळी दवात केली तर शेंगा कमी फुटतात. गंजी मात्र दुपारनंतर, माल कोरडा झाल्यावरच लावावी. हडंबा मिळाला की मळणी लांबवू नये.

हाच हलका पाऊस कोरडवाहू हरभऱ्याला मानवतो. तुरीवर मात्र ढगाळ दिवसांत शेंगा पोखरणारी अळी वाढते. कळी लागली की सकाळी एक चक्कर मारावी.

आता गावच्या मंडळींसाठी. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिताना ‘तुरळक’चा अर्थही शेजारी लिहावा, ही ग्रामसेवकांना विनंती. कारण अर्ध्या तासाचा ढग मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंदला जाईलच असे नाही. शिवाय २०२४ पर्यंत सोंगलेल्या पिकासाठी ७२ तासांत सूचना देऊन विम्याचा दावा करता येत होता. २०२५ च्या खरिपात राज्यात ती सोय नव्हती. भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठेवली गेली. असा पाऊस झालाच, तर तलाठ्यांना त्याच दिवशी कळवावे आणि भिजलेला माल पंचनाम्याआधी हलवावा लागला तर फोटो काढून ठेवावेत.

आणि दुपारी गडगडू लागले की ताडपत्री टाकून लगेच घर गाठावे. बांधावरच्या झाडाखाली थांबू नये.