जुन्या पद्मिनीच्या पोटातलं पाणी

स्पेअर पार्टच्या दुकानात कूलंट मागितलं की काउंटरवरून हमखास प्रश्न येतो, "हिरवं देऊ की लाल?" जुनी गाडी जपणाऱ्याने रंगावर जाऊ नये. रंग ज्याची त्याची कंपनी घालते, कोणता रंग म्हणजे काय याचा सर्वांनी पाळलेला नियम नाही. फोक्सवॅगनचं जी-११ निळसर हिरवं, नंतरचं जी-१२ लाल, जी-१३ जांभळं. टोयोटाकडे लाल वेगळं आणि गुलाबी वेगळं. हिरवा रंग जुन्या पद्धतीच्या कूलंटला असतो, तसा कित्येक नव्या कूलंटनाही असतो. जुन्या गाडीत काय घालायचं हे ठरतं ते तिच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये कोणकोणते धातू आहेत त्यावरून. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात प्रीमियर पद्मिनीचं पाणी बदलताना पाहिलं आणि ही गोष्ट मला नीट उमगली.

पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४पासून 'डिलाइट' नावाने बांधली. 'पद्मिनी' हे नाव १९७४चं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेले. एवढे सगळे धातू एकाच पाण्यात दिवसरात्र बुडालेले असतात. क्षार असलेल्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून ठेवले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक धातू झिजत जातो. इथे तो फटका मुख्यतः ॲल्युमिनियमला, म्हणजे हेडला बसतो.

गाडी एका निवृत्त शिक्षकांची. वाईकडे येणं-जाणं असतं, पसरणीचा घाट चढताना काटा लाल खुणेला टेकतो, ही तक्रार घेऊन सर आले होते. सोबत दुकानातून आणलेला लाल कूलंटचा डबा. पाच वर्षं बघायला नको, असं दुकानदाराने सांगितलेलं.

मेस्त्रींनी इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. मग झाकण काढून गळ्यात आतून बोट फिरवलं. बोटाला तांबूस गाळ लागला. वरच्या टाकीच्या सांध्यावर पांढरी भुकटी होती, होज पाइपच्या तोंडाशी हिरवट थर.

"सर, ह्यात नुसतं बोअरचं पाणी हाय," मेस्त्री म्हणाले. "आन् कधीतरी हळद बी टाकल्याली दिसतीया."

रस्त्यात रेडिएटर गळायला लागला तर मूठभर हळद टाकायची, ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. हळद बारीक भोकात अडकते, गळती थांबते, गाडी मुक्कामाला पोचते. पण तीच हळद पुढे रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतही बसते आणि पाण्याची वाट अडवते.

खालचा कॉक उघडला तर थेंबही आला नाही. तार घालून गाळ फोडल्यावर काव कालवल्यासारखं पाणी घमेल्यात पडू लागलं. तेवढ्यावर मेस्त्री थांबले नाहीत. ब्लॉकच्या बाजूला वेगळा ड्रेन प्लग असतो. तो उघडला नाही तर बरंचसं जुनं पाणी इंजिनातच राहतं. तो गंजून बसला होता. तेल सोडून, हलक्या हाताने ठोकून त्यांनी तो सोडवला. मग थर्मोस्टॅटच्या घराचं झाकण काढलं. आतल्या ॲल्युमिनियमवर टाचणीचं डोकं बसेल एवढे खड्डे पडले होते, आणि थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी तो काढून टाकलेला. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. त्याने तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. उलट थंड सकाळी इंजिन लवकर तापावर येत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. मेस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट मागवला, रेडिएटरचं झाकणही नवं मागवलं.

झाकणाचं महत्त्व घाटात कळतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, तिथे ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आणि रबर शाबूत असेल तर आत दाब धरला जातो आणि उकळबिंदू वर सरकतो. अर्धा बार दाब धरला तरी साधं पाणी १११ अंशांच्या आसपास उकळेल. सरांच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं, म्हणजे दाब धरलाच जात नव्हता. चढणीला, दुसऱ्या गिअरमध्ये, मंद वेगात इंजिन सर्वांत जास्त तापतं, आणि नेमकं तिथेच पाणी लवकर उकळत होतं.

कूलंटचा मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल. तो एकटा १९७ अंशांना उकळतो. पाण्यात निम्मा मिसळला तर मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या सुमारास उकळतं आणि उणे ३७च्या आसपास गोठतं. लडाखला गाडी नेणाऱ्याला हा दुसरा आकडा लागेल. आपल्या घाटांना पहिला आकडा लागतो, आणि त्याहून जास्त लागतात ती ग्लायकॉलबरोबर येणारी गंजरोधक द्रव्यं. मग पाणी न घालता नुसतं कूलंटच भरलं तर? तेही चूक. निव्वळ ग्लायकॉल उणे १३लाच गोठतो, आणि उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी त्याला करता येत नाही. प्रमाण निम्म्याच्या फार वर गेलं की गाडी जास्त तापते. एक तृतीयांशाच्या खाली गेलं की गंजरोधक अपुरे पडतात. महाराष्ट्रात जुन्या गाडीला ४० ते ५० टक्के ठीक.

आता सरांचा लाल डबा. मेस्त्रींनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि डबा परत दिला. "हे चांगलंच हाय सर. पर हे नव्या गाडीचं."

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अजैविक द्रव्यं असतात. ती भराभर सगळ्या धातूंवर पातळ थर धरतात, ॲल्युमिनियमवरही. पण थर धरता धरता ती संपतात, म्हणून हे कूलंट दोन वर्षांत बदलावं लागतं. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते जिथे गंज धरू पाहतो तेवढ्याच जागी काम करतात, हळू खर्च होतात, म्हणून पाच-पाच वर्षं टिकतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर, प्लॅस्टिकच्या टाक्या आणि पूर्ण बंद, सतत भरलेली यंत्रणा असलेल्या गाड्यांसाठी ते उत्तम.

पद्मिनीत यातलं काहीच नाही. या गाडीला वेगळी टाकीही नव्हती. फुगलेलं पाणी गळ्याजवळच्या बारीक नळीतून जमिनीवर सांडायचं, इंजिन गार झालं की रिकाम्या जागी हवा शिरायची. पातळी खाली आणि हवा आत, ही अवस्था सेंद्रिय आम्लांच्या कूलंटला मानवत नाही. शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या जुन्या डाखाला त्यातली काही कूलंट पुरेसं संरक्षण देत नाहीत. त्यातलं एक आम्ल, २-एथिलहेक्सॅनॉइक, काही जातींचे सील आणि प्लॅस्टिक मऊ करतं. पाच वर्षांच्या हमीखातर पन्नास वर्षांचा डाख पणाला लावणं शहाणपणाचं नाही. हे दोन प्रकार एकमेकांत ओतणं तर टाळावंच: दीर्घायुष्य हातचं जातं आणि काही मिश्रणांत गाळ धरतो.

मग डब्यावर काय वाचायचं? पहिली गोष्ट, प्रकार: अजैविक, सिलिकेट असलेलं, तांबं-पितळ-डाख आणि ॲल्युमिनियम सगळ्यांना चालणारं. दुसरी, मानक: आपलं आयएस ५७५९, ब्रिटिश बीएस ६५८० किंवा अमेरिकेचं एएसटीएम डी-३३०६. ही नुसती छापील अक्षरं नव्हेत. डी-३३०६साठी जी एक चाचणी करतात तिचं नाव डी-१३८४. तीत तांबं, डाख, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम या सहा धातूंचे वजन केलेले तुकडे ८८ अंश तापलेल्या कूलंटमध्ये, हवेचे बुडबुडे सोडत, ३३६ तास ठेवतात. नंतर पुन्हा वजन करतात. डाख आणि ॲल्युमिनियम जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम झिजले तर चालतं, बाकीच्यांना मर्यादा १० मिलिग्रॅमची. पद्मिनीच्या पोटात जे धातू आहेत, जवळजवळ तेच त्या काचेच्या भांड्यात असतात. तिसरी गोष्ट: डबा घट्ट कूलंटचा आहे की पाणी मिसळून तयार, हे पाहायचं. तयार डब्यात आणखी पाणी घातलं तर सगळं गणित फसतं.

पाण्याचीही निवड करावी लागते. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तापल्यावर ब्लॉकच्या भिंतींवर खापरी होऊन बसतं; कूलंटमध्ये फॉस्फेट असेल तर त्याच्याशी मिळूनही गाळ होतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी घ्यावं. मेस्त्रींच्या गॅरेजात त्याचे कॅन रांगेने ठेवलेले होते.

धुण्याचं काम दुपारपर्यंत चाललं. मेस्त्रींनी खालच्या होजमधून उलटं पाणी सोडलं. आधी लाल गाळ आला, मग पिवळट कण, मग नितळ पाणी. रेडिएटर गरम असताना त्यांनी मधल्या जाळीवरून तळहात फिरवला. एखादी जागा गार लागली असती तर त्या नळ्या बुजलेल्या, म्हणजे रेडिएटर दुकानात नेऊन सळईने साफ करून घेणं भाग. इथे तशी वेळ आली नाही. शेवटचं धुणं डीएम पाण्याने केलं.

भरतानाची पद्धत मला फार आवडली. कितीही काढलं तरी ब्लॉकमध्ये थोडं धुण्याचं पाणी राहतंच. बादलीत आधीच मिश्रण करून ओतलं तर ते आत जाऊन पातळ होतं. म्हणून मेस्त्रींनी गाडीच्या एकूण मापाच्या निम्मं घट्ट कूलंट आधी ओतलं आणि वरची जागा डीएम पाण्याने भरली. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. वरचा होज हाताने दाबत राहिले, बुडबुडे येत राहिले, पातळी उतरत गेली. थर्मोस्टॅट उघडल्यावर होज एकदम गरम झाला, पातळी पुन्हा उतरली, त्यांनी पुन्हा भरलं. हवा राहिली असती तर हेडच्या वरच्या भागात पाणीच पोचलं नसतं.

काढलेलं पाणी त्यांनी गटारात सोडलं नाही. हे पाणी साधंच होतं, पण वापरलेल्या कूलंटसाठी झाकणाचा वेगळा ड्रम तिथे ठेवलेला आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतो आणि मूत्रपिंडं निकामी करतो. गॅरेजभोवती फिरणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा जीव जायला थोडंसं सांडलेलंही पुरतं. घरात मुलं असतील तर डबा वर, कुलपात.

शेवटी मेस्त्रींनी रेडिएटरच्या वर एक चिठ्ठी बांधली: कूलंटचा प्रकार, प्रमाण, तारीख. पुढच्या वेळी पाणी कमी दिसलं तर पेट्रोल पंपावरचा माणूस हाताला लागेल तो डबा ओतेल, म्हणून ती हवी. सरांना त्यांनी मल्टिमीटरची तपासणीही शिकवली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं धातूला न टेकवता कूलंटमध्ये. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला की गंजरोधक संपत आल्याची शंका घ्यायची. गाडी दारात उभी राहिली तरी दोन वर्षांनी सगळं बदलायचंच.

एवढा खटाटोप एका लिटरभर डब्यासाठी कशाला, असं कुणी म्हणेल. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. या गाडीच्या सुट्या भागांना मोठं गिऱ्हाईक होतं ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. खड्डे पडून गेलेलं हेड बदलायचं म्हटलं तर आता जुन्या बाजारात शोधत फिरावं लागतं. कुर्ल्यात ओतलेला जो धातू अजून शाबूत आहे, तो आपल्याच हातात आहे, आणि तो टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे योग्य कूलंट, शुद्ध पाणी आणि वेळेवर केलेली बदली.