मोटारीच्या तेलाचा हिशेब

आमची मोटार दोन वर्षांत अवघी ४,००० किलोमीटर धावली. मग तेल बदलावयाचें कशास, असा आमचा वाद होता. चिरंजीवांनीं यंत्रावरील तेलाचें झांकण उघडून दाखविलें, तों खालीं पिवळट साय धरलेली! घरापासून मंडईपर्यंतच्या फेरींत यंत्र पुरतें तापत नाहीं. पाण्याचा अंश व न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें आणि आम्लें उत्पन्न होतात. यास्तव अंतर व मुदत यांपैकीं जें आधीं भरेल तें प्रमाण मानावें. आमच्या पुस्तिकेंत १०,००० किलोमीटर अथवा एक वर्ष असें स्पष्ट छापलें आहे. आम्ही तिचें पूर्वार्धच वाचलें होतें.

सिंथेटिक तेल उष्णतेंत अधिक टिकतें खरें, परंतु तेवढ्यावरून मुदत लांबविणें बरें नव्हे. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यांत पहिला अंक थंडींतील प्रवाहीपणा, दुसरा १०० अंशांवरील दाटपणा सांगतो. एका कारागिरानें उन्हाळ्याच्या सबबीवर ‘२०डब्ल्यू-५०’ सुचविलें. पातळ तेलासाठीं घडविलेल्या आमच्या यंत्रास तें कसें मानवावें?

जुना फिल्टर राखण्याचा आमचा बेतही फसला. त्याचा कागद गाळानें तुंबला, कीं झडप उघडून न गाळलेलें तेल थेट बेअरिंगांकडे जातें. दोन्ही बदललीं. पुढील तारीख सौभाग्यवतींनीं पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेविली आहे.